बशीच्या कडेची गोळी

तान रुइझेनला बसणं कधी ठाऊकच नव्हतं. सोळाव्या वर्षी ती श्यानयांगच्या कापडगिरणीत मागावर लागली आणि पुढची चौतीस वर्षं नुसती चालत राहिली. एका बाईकडे चोवीस माग. दोन रांगांमधल्या बोळातून जायचं, तुटलेला धागा दिसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारायची आणि पुढे व्हायचं. पाळी सुटल्यावर बाकीच्या बायका बाकड्यावर अंग टाकायच्या. रुइझेन उभ्यानंच पाव खायची आणि खाता खाता फेऱ्या मारायची.

पन्नाशीला गिरणीनं तिला निवृत्त केलं. छातीला लाल कागदाचं फूल लावलं, एक फुलाफुलांचं घमेलं भेट दिलं, टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ती उठली, केस बांधून त्यावर पांढरी टोपी चढवली आणि दाराशी गेल्यावर तिला आठवलं, की आता जायचं कुठेच नाही. मग ती दोन खोल्यांच्या घरात चालायला लागली. चुलीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून पलंगापर्यंत.

"अगं, फरशी झिजेल," तिचा नवरा तोंग म्हणाला. तो गिरणीच्याच बॉयलरवर होता, अजून नोकरीत. मुळात अबोल. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर त्यातली चार जेवणाबद्दल.

"झिजली तर झिजू दे. तुझ्या बापाची आहे?"

"सरकारची आहे, म्हणून तर म्हणतो."

महिन्याभरात तिची झोप उडाली. छातीत धडधड व्हायची, कानात माग वाजायचे. एकदा बाजारात कोबी निवडता निवडता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कोबीच्या ढिगावरच बसली. गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, परत एकदा बघितला. रोज सकाळी एक गोळी लिहून दिली.

"किती दिवस?" रुइझेननं विचारलं.

"जन्मभर. चुकवायची नाही. आणि हे बघा, नदीकाठी छू गुरुजी म्हणून आहेत, त्यांच्याकडे जा. थोडं उभं राहायला शिका."

"उभं राहायला? मी चौतीस वर्षं उभीच होते की!"

"तुम्ही धावत होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

छू गुरुजी गिरणीच्या रंगखात्यातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे. नखांतला निळा रंग अजून गेलेला नव्हता. वेई नदीच्या काठी पॉप्लरच्या रांगेखाली ते सहा-सात जणांना चीगोंग शिकवायचे. पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे किंचित सैल सोडून उभं राहायचं, जीभ टाळूला टेकवायची, हात छातीपुढे गोल धरायचे आणि श्वास बेंबीखाली तीन बोटांवर उतरू द्यायचा. ढकलायचा नाही, उतरू द्यायचा.

"मोठा रांजण कवेत धरलाय असं समज," गुरुजी म्हणाले.

"रिकामा की भरलेला?"

"तू तोंड मिटलंस की रिकामा."

रुइझेन उभी राहिली. लगेच नाक खाजायला लागलं. शेगडीत कोळसा घातला की नाही, हे आठवेना. पोटऱ्या थरथरल्या. तिनं एक डोळा उघडला. "किती वेळ झाला?"

"अजून सुरूही झालेलं नाही," गुरुजी म्हणाले.

पण ती हट्टी होती. थंडी संपेपर्यंत ती अर्धा तास उभी राहायला लागली. रात्री पाच-पाच तास झोप लागू लागली. दवाखान्यातला आकडाही खाली आला; गोळीमुळे का श्वासामुळे, हे डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. मनाचं मात्र काही केल्या जमेना. हातपाय थांबले तरी आतली ये-जा चालूच. एकदा तिनं गुरुजींना तसं बोलूनही दाखवलं.

"माझाही रंगाचा हंडा अजून उकळतोच आहे," ते म्हणाले. "उकळू दे. आपण खाली लाकूड सारायचं नाही, एवढंच."

तिला हे उत्तर काही पटलं नाही. पंचाहत्तरीचा माणूस असं म्हणतो, मग आपण कशाला रोज पायांचे खांब करतो आहोत?

तिच्या शेजारी मियाओ छायफेंग उभी राहायची. गिरणीत तीस वर्षं दोघींचे माग शेजारी-शेजारी. छायफेंग बुटकी, गोल, विधवा, आणि तोंडाची भारी फटकळ. तिलाही तोच आजार, तीच डॉक्टरीण, तीच गोळी. ती रांजण कवेत धरायची आणि उभ्या उभ्या चक्क घोरायची.

"बघ," ती रुइझेनला म्हणायची, "तुला दहा वर्षं लागतील ते मला जन्मतःच येतं."

वसंतात छू गुरुजी मुलाकडे दक्षिणेला गेले. सात जणांची ती मंडळी आपोआप रुइझेनच्या गळ्यात पडली. कारण एकच, तिचा आवाज. शंभर मागांच्या खडखडाटातून पलीकडे पोचणारा आवाज. "हात वर! श्वास खाली!" ती ओरडली की नदीपलीकडचे मासेमारसुद्धा मान वळवायचे. त्या वर्षी सगळ्या शहराला चीगोंगचं वेड लागलं होतं. उन्हाळा सरेपर्यंत सातांचे चाळीस झाले.

आणि शरदात मास्तर शांग आले.

शांग पस्तिशीचा, करड्या कोटातला, गोड आवाजाचा. त्याच्या 'निर्मळ झरा' मंडळानं क्रीडागृह घेतलं होतं. तो तीन तास बोलणार आणि बोलता बोलता समोरच्या प्रत्येकात आपली शक्ती सोडणार, असं सांगितलं होतं. रुइझेन आणि छायफेंग चौथ्या रांगेत होत्या. पुढच्या रांगेतल्या काही जणांनी शक्ती नीट पकडता यावी म्हणून डोक्यावर अॅल्युमिनियमची पातेली घातली होती. तासाभरात माणसं डोलायला लागली. कुणी हसत सुटलं, कुणी गडाबडा लोळलं. छायफेंग हुंदके देऊन रडत होती. बारा वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचं नाव घेत होती.

रुइझेनला काही म्हणजे काहीच झालं नाही. तिनं डोळे घट्ट मिटले, जीभ टाळूला लावली. तळहात कोरडे ते कोरडेच. एवढ्या हजार माणसांत आपणच तेवढ्या दगड, या विचारानं तिचा जीव कासावीस झाला. उठून फेऱ्या माराव्यात असं वाटलं, पण दोन्हीकडून रडणारी माणसं होती.

भाषण संपल्यावर मंडळाचे लोक ठिकठिकाणच्या गटप्रमुखांना शोधत आले. तिला शांगसमोर नेलं. त्यानं तिच्या डोक्यापासून वीतभर वर हात धरला आणि डोळे मिटले.

"तुम्हाला स्वस्थ बसवत नाही, हो ना?"

"नाही," ती म्हणाली.

"बसवणारच नाही. फार मोठी शक्ती अडकून पडली आहे तुमच्यात. लोक तिला चंचलपणा म्हणत आले."

आईनं तिला 'पायाला भिंगरी लावलेली' म्हटलं होतं, मुकादमानं 'माकडीण', तोंग फरशीची काळजी करत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी या तळमळीला चांगलं नाव दिलं होतं. घरी येताना ती जवळजवळ पळतच होती.

तिला नदीकाठच्या केंद्राची प्रमुख केलं. छातीवर बिल्ला आला, हातात कर्णा आला, एक टेपरेकॉर्डर आला. रोज सकाळी पॉप्लरखाली शांगचा आवाज वाजायचा: "औषध म्हणजे शक्तीच्या दारावर घातलेलं कुलूप. कुलूप काढा." आणि कॅसेट संपली की रुइझेन कर्ण्यातून तेच वाक्य पुन्हा म्हणायची. आता चाळिसांची सत्तर झालेल्या मंडळींपर्यंत ते स्पष्ट पोचायचं.

घरी मात्र रोज सकाळी तोंग ज्वारीच्या लापशीचा वाडगा ठेवायचा, शेजारी लोणच्याची बशी, आणि बशीच्या कडेला गोळी.

पहिल्या दिवशी तिनं ती बघितली. तिला कोबीचा ढीग आठवला, डोळ्यांपुढची अंधारी आठवली. उद्यापासून सोडू, ती मनाशी म्हणाली आणि गिळून टाकली. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवड्यानंतर तोंग म्हणाला, "घे, तुझं कुलूप खा आणि जा."

"गप रे."

"गपच आहे."

एका सकाळी, लोक जमायच्या आधी, छायफेंगनं तिचा दंड धरला. "खरं सांग. तू सोडलीस ना गं गोळी?"

बिल्ला छातीवर होता. मागून दोघी-तिघी येत होत्या.

"सोडली," रुइझेन म्हणाली.

"कधीपासून?"

"दहा तारखेपासून."

"आणि बरं वाटतंय?"

"हलकं वाटतं."

छायफेंगनं त्याच दिवशी सगळ्यांसमोर आपली बाटली वेईच्या पाण्यात उपडी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुइझेननंही वाजवल्या, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपले हात थांबतच नाहीत.

तिथून पुढचे दोन महिने तिला धड झोप नव्हती. छायफेंगचा चेहरा तांबडा दिसायला लागला. डोकं ठणकतं म्हणाली. कॅसेटमध्ये त्यालाही उत्तर होतं: दुखणं बाहेर पडताना दारावर धक्के देतं. रुइझेन ते ऐकायची आणि छायफेंगकडे बघायची. नजर काढून घ्यायची, परत बघायची. एका संध्याकाळी तिनं आपल्यातल्या सहा गोळ्या कागदात बांधल्या आणि छायफेंगचे चार जिने चढली. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच गेली होती.

छायफेंग पिठात हात घालून बसली होती. "बरी आलीस. ये, पारी लाट. माझ्या लेकीला गोल येत नाही, नकाशे येतात. शिक्षिका आहे ना!"

रुइझेननं पाऱ्या लाटल्या. तीनदा तोंड उघडलं. एकदा शेजारीण मीठ मागायला आली, एकदा पाणी उकळून सांडलं, आणि तिसऱ्यांदा आडवं काहीच आलं नाही, फक्त धीर झाला नाही. पुडी खिशात तशीच घेऊन ती जिना उतरली. मग परत वर चढली, दारापर्यंत गेली, परत उतरली.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. नदीच्या कडेला बर्फाची साय धरली होती. सगळे रांजण कवेत घेऊन उभे असताना छायफेंगचा उजवा हात हळूहळू खाली यायला लागला.

"बघा, शक्ती हलतेय!" मागून कुणीतरी आनंदानं म्हणालं.

रुइझेननं वळून बघितलं. छायफेंगच्या तोंडाचा एक कोपरा ओघळला होता, आणि डोळे उघडे होते. ते तिच्याकडेच बघत होते.

कर्णा कुठे पडला ते तिला कळलं नाही. रस्त्यावर एकजण तीनचाकी सायकलगाडीवरून कोळशाच्या वड्या नेत होता. तिनं त्याला खाली ओढलं, वड्या रस्त्यावर ढकलल्या, छायफेंगला वर निजवलं आणि स्वतः पायडल मारत इस्पितळ गाठलं. छायफेंग वाचली. पण उजवं अंग गेलं, वाचा गेली.

दुपारी छायफेंगची मुलगी श्याओमान शाळेतून धावत आली. हाताला खडूची भुकटी तशीच.

"मावशी, आईनं गोळ्या कधी सोडल्या?"

"दोन महिने झाले."

"तुम्ही सांगितल्यावर."

"हो."

"आणि तुम्ही त्याच्याही आधी सोडल्यात. मग तुम्ही कशा ठणठणीत?"

रुइझेन भिंतीला टेकली. "मी सोडल्याच नव्हत्या," ती म्हणाली. "एक दिवससुद्धा नाही."

श्याओमान ओरडली नाही. हातांवरची भुकटी झटकली. मग म्हणाली, "जा इथून."

इस्पितळाच्या आवारात एक कोरडं कारंजं होतं. तीन आठवडे रुइझेन रोज त्याच्याभोवती फिरली. वर जायची परवानगी नव्हती आणि घरी बसवत नव्हतं. त्यातल्याच चौथ्या दिवशी सकाळी ती नदीकाठी गेली, कर्णा घेतला आणि सत्तर माणसांसमोर म्हणाली, "मी खोटं बोलले. मी रोज गोळी खात होते. आजही खाऊन आले. तुम्ही सगळे आज घरी जाऊन आपापली गोळी घ्या."

आधी कुणाला समजलंच नाही. मग एक म्हातारी थुंकली. मंडळाच्या माणसानं तिच्या हातातून कर्णा हिसकावला. "ऐकलंत? प्रमुखच चोरून औषध खात होती! हिच्या शंकेनंच त्या बाईची शक्ती उलटली!"

हा वार वर्मी लागला. ती घरी आली आणि खिडकी ते चूल, चूल ते खिडकी अशी अंधार पडेपर्यंत चालली. खरंच तसं असेल तर? मी खरंच सोडली असती तर तिला काही झालं नसतं? की दोघीही पडलो असतो?

"थांब जरा," तोंग म्हणाला.

"थांबता येत असतं तर हे झालं असतं का?"

तोंगनं खुर्ची ओढली आणि स्वतःच बसला. "मलाही ठाऊक होतं," तो म्हणाला. "तू कर्ण्यात काय बोलतेस ते बॉयलरपर्यंत ऐकू यायचं. इकडे मी रोज गोळी ठेवत होतो. माझी बायको वाचली की झालं. छायफेंगच्या घरी जाऊन सांगायला मला कुणी अडवलं होतं?" एवढं बोलून तो खोकला आणि शेगडीतली राख झटकायला उठला. एवढं लांब बोलणं त्याला जड गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार हिंडली. ज्यांना ज्यांना दुखणं होतं अशी सत्तावीस घरं तिला पाठ होती. कुणी दार लावून घेतलं. कुणी म्हणालं, "आज हे, उद्या ते, तुझ्या तोंडाला धरबंध आहे का?" एका घरी तिच्या अंगावर भांड्याचं पाणी आलं. अकरा जणांनी गोळ्या परत सुरू केल्या. बाकीच्यांचं तिला कळलं नाही, आणि ते न कळणं तिला पुढे कित्येक वर्षं टोचत राहिलं.

मार्चमध्ये छायफेंग घरी आली. श्याओमाननं स्वतः येऊन दार वाजवलं. आत आली नाही.

"मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "मला आठ वाजता शाळेत जावं लागतं आणि आईला एकटं ठेवता येत नाही. एवढंच."

"सात वाजता येते," रुइझेन म्हणाली.

पहिल्याच दिवशी, श्याओमान गेल्यावर, रुइझेननं पलंगाशी स्टूल घेतलं आणि सगळं सांगितलं. दहा तारीख. लापशी, बशी. पाऱ्या लाटल्या ती संध्याकाळ. खिशातली पुडी. छायफेंग ऐकत होती. मग तिनं डावा हात उचलला. मागांच्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून गिरणीतल्या बायका हातांनी बोलायच्या. छायफेंगनं तळहात उलटा करून हवेत पुसल्यासारखा फिरवला. तुझं कापड बिघडलं, असा त्याचा अर्थ. आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं.

नऊ दिवस ते तोंड भिंतीकडेच होतं. रुइझेन भरवायची, पुसायची, डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे मेलेला हात वर-खाली करायची, आणि उरलेल्या वेळात खोलीत फेऱ्या मारायची. दहाव्या दिवशी पलंगावरून आवाज आला. घोगरा, फुटका, पण स्पष्ट.

"गाढवे!"

रुइझेन जागच्या जागी थिजली. छायफेंग तिच्या पायांकडे बोट दाखवत होती. बस म्हणून खुणावत होती. परत म्हणाली, "गाढवे!"

तिची वाचा परत आली ती एवढीच. पुढे जन्मभर तिच्याकडे हा एकच शब्द राहिला आणि तो तिनं पाणी हवं असलं, भूक लागली, लेक उशिरा आली, शेवया छान झाल्या, सगळ्याला वापरला. रुइझेनला सकाळी दारात बघितल्यावरचा 'गाढवे' रोज निराळा असायचा. काही दिवशी त्यात हसू असायचं. काही दिवशी तो कापत जायचा. कुठला दिवस कसला, हे दार उघडेपर्यंत कळायचं नाही, आणि चार जिने चढताना रुइझेन रोज अंदाज बांधायची.

दुपारी ती छायफेंगचा चांगला हात तिच्या बेंबीखाली ठेवायची. "श्वास उतरू दे. शक्ती-बिक्ती काही नाही हं. नुसता श्वास." छायफेंग पाच मिनिटांत घोरायला लागायची. रुइझेन स्टुलावर बसून ते घोरणं ऐकायची आणि पाय हलवत राहायची.

दीड वर्षानं 'निर्मळ झरा' मंडळाच्या दाराला टाळं लागलं. शांग दुसऱ्या शहरात गेला म्हणे. तिथेही क्रीडागृह होतंच. नदीकाठी हळूहळू पाच-सहा जुनी माणसं परतली. जी म्हातारी थुंकली होती तीही आली. म्हणाली, "शिकवणार असशील तर कर्णा नको. माझे कान शाबूत आहेत."

छायफेंग सात वर्षं जगली. एकोणीसशे शहाण्णवच्या शरदात, पर्सिमनची केशरी फळं बाजारात आली होती तेव्हा, झोपेतच गेली. आदल्या दिवशीचा तिचा शेवटचा 'गाढवे' कसला होता, हे रुइझेन पुन्हा पुन्हा आठवून बघायची. तिला वाटायचं तो साधा होता, पाण्यासाठीचा. पण खात्री नव्हती.

सगळे विधी आटोपल्यावर पंधरा दिवसांनी श्याओमान पहाटे नदीकाठी आली. शाल घट्ट ओढलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"झोप येत नाही, मावशी. घर फार गप्प झालंय. मला उभं राहायला शिकवाल?"

रुइझेननं तिचे पाय नीट लावले, खांदे सैल केले, हात गोल केले. दोघी शेजारी उभ्या राहिल्या. वारा नव्हता. पाण्यावरून वाळू वाहणारी एक नाव गेली. बऱ्याच वेळानं श्याओमाननं डोळे न उघडता विचारलं, "हे करून आत शांत कधी होतं?"

रुइझेनच्या तोंडाशी दोन-तीन चांगली उत्तरं आली. तिनं ती गिळली.

"माझं तर अजून झालेलं नाही, पोरी," ती म्हणाली. "हात जरा खाली घे. खांदे आखडलेत तुझे."

श्याओमाननं हात खाली घेतले. पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या, दोघींच्याही. रुइझेननं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं आणि पुन्हा उभी राहिली.